माशीले कयते

मे महिन्यात मामाकडे लग्न होतं. गाव जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या बाजूचं, चारी अंगांनी केळीच्या बागा, त्यामुळे लग्नघरी ओसरीत केळ्यांच्या पेट्या येऊन पडणं नवीन नाही. फरक एवढाच की या वेळचा माल मामेभावाच्या स्वतःच्या चेंबरमधला होता. अलीकडेच त्याने कर्ज काढून रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची थंड खोली, टाकलंय. केळी पिवळीधमक, अंगावर डाग नाही, सगळ्या फण्या एका रंगाच्या. मामीने एक फणी उचलली, नाकाशी नेली, परत पेटीत ठेवली आणि बायकांच्या घोळक्याकडे बघत म्हणाली, "ह्या केयावर चिलटबी बसत नाही, पाह्य. माशीले कयते, आपल्याले नाही कयत." बायकांनी माना डोलावल्या. कुणी कार्बाइडचं काढलं, कुणी कॅन्सरचं. मामेभाऊ दोन पावलांवर मंडपवाल्याशी हिशोब करत उभा होता. त्याने ऐकलं. बोलला काहीच नाही. हातातली वही मिटली आणि जनरेटर बघून येतो म्हणून मागच्या अंगणात गेला, तो जेवणाच्या पंगती उठेपर्यंत दिसला नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे ही चिलटं माझ्या रोजीरोटीतली. दरवर्षी रवा, गूळ आणि अगर शिजवून बाटल्यांत ओतायचं, वर यीस्टची चिमूट टाकायची, बुरशी धरू नये म्हणून प्रोपियोनिक अॅसिडचे थेंब, तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत ड्रोसोफिला, म्हणजे हीच चिलटं. मुलं त्यांना इथरने गुंगी आणून पांढऱ्या टाइलवर नर-मादी वेगळे करतात. शेपटीकडचा भाग काळा तो नर, रेघारेघांची टोकदार ती मादी. एवढी वर्षं हे करूनही मामीच्या वाक्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. लग्नघरात वाद घालायचा नसतो हे एक कारण. पण दुसरं कारण असं की मामी हवेत बोलत नव्हती. तिच्या बोलण्यामागे एक खोली होती, आणि ती खोली मीही पाहिलेली आहे.

मामाच्या जुन्या घरात माडीच्या जिन्याखाली बिनखिडकीची खोली होती. बागेची कापणी झाली की व्यापाऱ्याचा माल स्टेशनकडे जायचा आणि घरच्यापुरते बसराई जातीच्या केळीचे घड त्या खोलीत. खाली केळीची वाळकी पानं, वर गोणपाट, कोपऱ्यात धुमसती गोवरी, आणि दार लावून घ्यायचं. आम्हा पोरांना त्या दाराला हात लावायची बंदी होती, म्हणून आम्ही फटीला नाक लावायचो. सुरुवातीला नुसता धूर आणि पाल्याचा कोंदट वास. मग एके सकाळी त्यात काहीतरी गोड मिसळलेलं असायचं. दार उघडलं की आतला उबट, गोड, किंचित आंबूस झोत अंगावर यायचा आणि त्याच्या पुढे चिलटांचा थवा. पापण्यांवर, ओठांवर, कानात. मामा हाताने ती वारत आत जायचा, एक घड दाबून बघायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "झाली." त्या घरात केळी पिकल्याची वर्दी चिलटांनीच दिली. मामी सून म्हणून आली तेव्हापासून तिने हेच बघितलंय. चिलट आलं म्हणजे केळं खरं, हा हिशोब तिने कुठे वाचलेला नाही.

तरी चिलटाला नेमकं काय कळतं, हा प्रश्न उरतोच.

त्याच्या दोन लाल डोळ्यांच्या मध्ये दोन आखूड मिशा असतात. भिंगाखाली धरलं तर मिशीचा तिसरा भाग गोलसर फुगीर दिसतो आणि त्याच्यावर बारीक केसांची लव. चिलटाचं नाक म्हणजे ही लव. शिवाय तोंडाजवळच्या दोन लहान दांड्यांवरही थोडी असते. एकेका केसाच्या भिंतीला आपल्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात न दिसणारी भोकं असतात, आत पाणीदार रस, आणि त्या रसात बुडालेली एक ते चार चेतापेशींची टोकं. हवेतला वासाचा रेणू भोकातून आत शिरतो, रसातून जातो, आणि पेशीच्या पडद्यात रोवलेल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो. हे प्रथिन म्हणजे ग्राही. चिलटाकडे वासाच्या अशा ग्राहींची सुमारे ६० जनुकं आहेत. माणसाकडे चारशेच्या आसपास, उंदराकडे हजारेक. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी उंदराच्या जातीतले ग्राही १९९१ साली शोधले आणि त्यासाठी २००४ चं नोबेल मिळवलं. मग सगळ्यांना वाटलं, आता माशीचे शोधायला कितीसा वेळ लागणार. पण माशीचे ग्राही उंदराच्या ग्राहींशी काहीच नातं सांगेनात. १९९९ उजाडावं लागलं. तेव्हा मात्र अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांना ते एकाच वर्षात सापडले, त्यातली एक पुन्हा अॅक्सलचीच.

का सापडत नव्हते याचं उत्तर नंतर कळलं, आणि ते वर्गात सांगताना मला अजून मजा येते. किड्यांचे ग्राही पडद्यात उलटे बसलेले असतात. आपल्या नाकातल्या ग्राहीचं जे टोक पेशीच्या बाहेर असतं, ते यांचं आत. आणि कामाची रीतही निराळी. आपल्याकडे वास चिकटला की आत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप देत काम पुढे सरकतं. चिलटाचा ग्राही स्वतःच दार आहे. रेणू चिकटला की मधली वाट उघडते, भारित कण आत घुसतात, पेशी पेटते, संपलं. आणखी एक गंमत म्हणजे यातला बहुतेक कुठलाही ग्राही एकट्याने उभा राहू शकत नाही. प्रत्येकाला ओर्को नावाचं एकच प्रथिन जोडीला लागतं, मग वास केळ्याचा असो की दारूचा. ओर्को काढून घेतलेली माशी दिसायला धडधाकट असते, उडते, चालते, पण पिकल्या केळ्याच्या बाजूने सरळ निघून जाते. २०१८ मध्ये ओर्कोचा आकार अणूंच्या पातळीवर दिसला. चार तुकडे एकत्र आलेले आणि मधोमध वाट.

केसातल्या रसाचं वर नुसतं नाव घेतलं, पण तिथे एक अडचण आहे. वासाचे बरेच रेणू तेलकट असतात, पाण्यात विरघळायला नाखूष. ते पलीकडे जातात कसे? १९८१ मध्ये एका मोठ्या पतंगाच्या मिशांत लहानसं प्रथिन सापडलं, जे मादीच्या गंधाचा रेणू पोटात धरून ठेवतं. त्यानंतर अशी गंधधारक प्रथिनं किड्याकिड्यांत सापडत गेली, चिलटात तर ५० च्या वर जनुकं निघाली. कल्पना सगळ्यांना पटली, मलाही. तापीवर पूल नव्हता तेव्हा मामाकडे जाताना नाव लागायची. तेलकट रेणूला रसातून पलीकडे नेणारी ही नाव, असंच मी शिकवत आले. पण २०१६ मध्ये एका जातीच्या केसातलं असलं मुबलक प्रथिन काढून टाकून पाहिलं, तर चेतापेशी वासाला जोरातच उत्तर देत राहिली. उन्हाळ्यात तापीचं पाणी आटलं की लोक धोतर खोचून चालतच पार व्हायचे, ते मला तेव्हा आठवलं. म्हणजे नावेचं काम काही वेळा दुसरंच असावं. एका गंधधारक प्रथिनाचं काम मात्र चांगलं माहीत आहे. त्याला शोधणाऱ्यांनी लश म्हणजे बेवडा असं नाव ठेवलंय. चिलटाला थोडी दारू आवडते, जास्त झाली की ते मागे फिरतं. लश नसलेली चिलटं कडक दारूच्या वासाकडेही खुशाल जातात. हेच प्रथिन नराच्या अंगचा एक गंध ओळखायलाही लागतं. नर तो गंध मादीवर सोडून जातो आणि पुढच्या नराचा उत्साह त्याने कमी होतो. आमच्या गावात याला काय म्हणतील ते मी लिहीत नाही.

केळ्याच्या ओळखीच्या वासात मोठा वाटा आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या रेणूचा. केळं पिकताना तो स्वतः तयार करतं. पण यीस्टही तो तयार करते, आणि चिलटाला खरी गरज यीस्टची असते. फळावर यीस्ट वाढली की आंबण्याचे वास सुटतात, चिलट येतं, यीस्ट खातं, तिथेच अंडी घालतं, आणि जाताना पायांना यीस्ट लावून पुढच्या फळावर नेऊन सोडतं. यीस्टमधलं हे सुवासिक रेणू बनवणारं एक जनुक बंद केलं तर चिलटं तिच्याकडे कमी जातात, असं प्रयोगात दिसलंय. थोडक्यात, चिलट केळ्याची गुणवत्ता तपासायला येत नाही. त्याच्या पोरांना आंबलेलं मऊ अन्न लागतं, ते शोधायला येतं. जिन्याखालच्या खोलीतल्या घडांना कापताना ओरखडे पडलेले, चीक वाळून साल तडकलेली, गोणपाटाखाली ऊब, त्यामुळे केळं पिवळं होईस्तोवर कुठेतरी आंबायला लागलेलंच असायचं. मामाला वर्दी मिळायची ती त्या आंबलेल्या कोपऱ्याची.

आणि आणखी एक गोष्ट, जी लग्नात मला सुचायला हवी होती असं वाटत राहिलं. तेव्हा मे महिना होता! बाहेर पारा ४५ ला टेकलेला. ड्रोसोफिला २५ अंशांच्या आसपास सुखात असते. ३० च्या वर नरांचं बीज निकामी व्हायला लागतं. माझ्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यासुद्धा एप्रिलनंतर टिकवताना नाकी नऊ येतात, ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवाव्या लागतात. त्या दिवसांत सावद्याच्या ओसरीत बसराई ठेवली असती, नाहीतर थेट देवघरातली केळी, तरी चिलट शोधावंच लागलं असतं. श्रावणात मात्र फळवाल्याच्या गाडीवर, उसाच्या रसाच्या चरकावर, ओट्यावरच्या खरकट्यावर बघा.

आषाढात मी मामेभावाच्या चेंबरवर गेले. बाहेर उकाडा, चिखल, ट्रॅक्टरची ये-जा. पॅकिंगच्या शेडमध्ये फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवून चीक काढत होते. काम करणाऱ्या बायकांच्या साड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कशानेच जात नाहीत. मग जाड दार उघडलं आणि आत १६ ते १८ अंशांची ओलसर थंडी. मोठे पंखे, थरावर थर पेट्या, आणि वास जवळजवळ नाहीच. हिरव्या सालीचा, पुठ्ठ्याचा, थोडा लोखंडाचा. इथिलिन वायू सोडला की केळ्याच्या आतलं पिकण्याचं काम सुरू होतं. नियमाने तो दहा लाखांत १०० भागांपर्यंतच सोडता येतो, आणि केळं पिकताना स्वतःही तोच वायू सोडतं. कार्बाइडची गोष्ट वेगळी, ते बंदी असलेलंच आहे आणि त्याच्या अशुद्ध वायूचा लसणासारखा उग्र वास ज्याने घेतलाय तो विसरणार नाही. हे सगळं मामेभावाने मला सांगितलं, म्हणजे मला माहीत असलेलं त्याने पुन्हा पूर्ण सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. त्याला ते कुणालातरी सांगायचं होतं. शेवटी पेटीचं झाकण लावत म्हणाला, "मायले सांगून पाह्यलं मी. ते म्हणते, मशिनीतलं केय." म्हणाला आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही.

त्याने दिलेली एक पेटी मी भुसावळला घरी आणली आणि मुद्दाम ओट्यावर उघडी ठेवली. सालीवर तपकिरी ठिपके आले, एका केळ्याचं देठ फाटलं, आणि चिलटं आली. व्यवस्थित, नेहमीसारखी. मी त्यातलं एक काप कॉलेजात नेऊन स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि वर एक मादी सोडली. ती काठावरून चालत आली. कोरड्या भागावर झपझप, आणि ओल्या डागावर पुढचा उजवा पाय पडला तशी जागच्या जागी थांबली. क्षणभर नुसती उभी. मग डोक्याखाली घडी करून ठेवलेली सोंड उलगडली, टोकाच्या दोन मऊ गाद्या पसरल्या आणि डागाला टेकल्या. चिलटाला चव पायात असते. सोंडेच्या टोकावर असते, पंखांच्या कडेवरही असते. पायातल्या केसांत चवीचे ग्राही, त्यांचीही जनुकं सुमारे ६०: काही साखरेसाठी, बरेचसे कडूसाठी. कॅफिन, क्विनीन असलं काही पायाला लागलं तर सोंड बाहेर येतच नाही. गोड लागलं तर बाहेर यायची थांबत नाही, पोट भरलेलं असेल तरच थांबते. खाऊन झाल्यावर त्या मादीने पोटाचं टोक खाली वाकवलं, दोनदा चाचपलं आणि अर्ध्या मिलिमीटरचं पांढरं अंडं गराच्या आत ढकललं. बाहेर दोन बारीक धागे तेवढे उभे राहिले, श्वासासाठी. अख्खा वेळ एक मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "मॅडम, आपण रोज हे खातो?" मी हो म्हटलं.

पोट भरलेलं असण्यावरून आठवलं. उपाशी चिलटाचं नाक खरोखर तिखट होतं. रक्तातलं इन्सुलिन उतरलं की वास टिपणाऱ्या काही चेतापेशींची ताकद वाढते आणि तोच आंबूस वास त्यांना जास्त जोरात ऐकू येतो. शिवाय फळातल्या फ्रुक्टोजसाठीचा एक चवीचा ग्राही चिलटाच्या मेंदूतही बसलेला आहे, जिभेचा संबंध नाही. जेवण झालं की रक्तात फ्रुक्टोज चढतं, तो ग्राही ते चाखतो, आणि उपाशी असेल तर अजून खा म्हणतो, धाल्या पोटी पुरे म्हणतो. मामीचे उपवास आठवड्यातून दोन. त्या दिवशी तिला परसातल्या केळ्याचा वास स्वयंपाकघरात येतो असं ती म्हणते, आणि आम्ही तिला हसायचो.

वास-चवीच्या या अभ्यासाची एक वाट मुंबईतून गेलीय, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी आणि त्यांची विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात वास न कळणाऱ्या, चव न कळणाऱ्या माशा निवडून काढल्या आणि त्यांच्यातली बिघडलेली जनुकं शोधायला घेतली. ग्राही सापडायच्या वीसेक वर्षं आधीची गोष्ट. रॉड्रिग्ज नैरोबीच्या, शिकल्या डब्लिनला, आणि सिद्दीकींचं काम वाचून मुंबईला आल्या. त्याही आधी, न्यूयॉर्कला याच माशीवर आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या टॉमस हंट मॉर्गनच्या प्रयोगशाळेत १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्याची माशी सापडली तेव्हा त्या खोलीत माशांसाठी केळ्यांचे घड टांगलेले असत. जळगावकराला हे वाचून उगाच बरं वाटतं. आपला काही संबंध नाही, तरी.

शेतकऱ्याच्या तोंडी फळमाशी येते ती ही नव्हे. ती मोठी, पिवळसर पट्ट्यांची, पेरूत, आंब्यात, गिलक्यात सुई खुपसून अंडी घालणारी. मामाच्या गिलक्यांच्या वेलाखाली प्लॅस्टिकचे सापळे लटकतात, आत औषधात भिजवलेली वडी. ती वडी फक्त नरांना ओढते. पेरूच्या बागेतल्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं, आणि तोच रेणू काही तुळशींच्या पानातही असतो. सापळ्यात नरांचा खच पडलेला बघून मामा दरवेळी म्हणतो, "बाप्येच कसे मरतात बरं?" आणि स्वतःच हसतो.

मामीला मी श्रावणात फोन करून सांगितलं की चेंबरच्या केळ्यांवर आली बरं चिलटं, माझ्याच ओट्यावर आली. पलीकडून लगेच, "म्हंजे सडल्यावरच आल्या ना!" यावर काय बोलणार. ती बरोबर होती, आणि मामेभाऊही. मला नंतर जे सुचलं ते असं, की मामीची तक्रार माशीची कधी नव्हतीच. दिल्लीला जायचा घड पूर्ण भरायच्या आधी कापावा लागतो, तीन चतुर्थांश भरला की विळा. त्या केळ्याला झाडावर भरलेल्या बसराईची गोडी येत नाही, चेंबरचा दोष असो की नसो. हे तिच्या जिभेला कळलं होतं. पण नुसतं "मला चव लागत नाही" म्हटलं तर घरातल्या बाईच्या जिभेचं कोण ऐकतं, आणि तेही मुलाच्या कर्जाच्या धंद्याविरुद्ध? माशीची साक्ष काढली की चार बायका माना डोलावतात. माशीला यातलं काही माहीत नाही. तिच्या मिशीत बसराईसाठी एक आणि ग्रँड नैन जातीच्या केळ्यासाठी दुसरा असा ग्राही नाही. सेशेल्स बेटांवर तिची एक बहीण आहे, ती नोनीच्या फळावर जगते. बाकीच्या जातींना त्या फळातलं आम्ल मारून टाकतं, हिला तेच ओढतं. तिचे काही ग्राही आणि गंधधारक प्रथिनं बदललीत. आपल्याकडे त्याच नोनीच्या रसाच्या बाटल्या विकायला नातेवाईक घरी येतात, आणि त्या रसाचा वास घेतला की सेशेल्सच्या माशीबद्दल आदर वाटतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट मृगाच्या पावसाची आहे. आपल्याकडे तो यायच्या आधी किती वाट बघायला लावतो ते सांगायला नको. नांगरून तापलेली काळी जमीन, भेगा, आणि मग एका संध्याकाळी टपोरे थेंब आणि तो वास. मामा अंगणात बाज टाकून नुसता श्वास घेत बसतो. त्या वासात जिओस्मिन नावाचा रेणू असतो, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू तो बनवतात. बिटालाही तोच वास असतो, म्हणून बीट काहींना मातकट लागतं. चिलटाच्या मिशीत या एका रेणूसाठी राखलेला एक ग्राही आहे, ओआर ५६ ए. त्याला दुसरा कुठलाच वास कळत नाही, आणि त्याची पेशी दुसरं काही कळवत नाही. २०१२ मध्ये हे बाहेर आलं. जिओस्मिनचा अंश हवेत आला की चिलट व्हिनेगरकडे जातानासुद्धा वळतं, खात नाही, अंडी घालत नाही. कारण सडक्या फळावर तो वास आला तर तिथे घातक बुरशी नाहीतर जिवाणू बसलेले असण्याची शक्यता फार, आणि तिथे घातलेली पोरं जगत नाहीत. आपण ज्या वासावर अत्तरं काढतो, ज्याच्यासाठी खिडकी उघडतो, तो तिच्यासाठी पळ म्हणणारा एकच शब्द.

हे मी मामेभावाला सांगितलं, कारण त्याला असल्या गोष्टी ऐकायला आवडतात आणि मला चेंबरच्या विषयावरून बाजूला जायचं होतं. तो लगेच धंद्यावर आला. "मंग ते शेडमधी फवारता येईन का? पावसाळ्यात टाकाऊ मालावर लय चिलटं होतात." मी म्हटलं, अरे, माणसाच्या नाकाला जिओस्मिन अब्जात एका भागाहूनही कितीतरी कमी असला तरी कळतो. दिल्लीत पेटी उघडल्यावर केळ्याला मातीचा वास आला तर व्यापारी गाडी परत पाठवील. त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, राहू दे, टाकाऊ माल रोजच्या रोज उकिरड्यावर नेलेला बरा, आणि पोराला ट्रॉली काढायला हाक मारली.